चाकणला तीन वर्षं झाली तरी पाव्हण्यासारखं वाटतं, त्यावर माझं उत्तर

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. तू तासगाव तालुक्यातला, वय २६, चाकणला कंपनीत लागून तीन वर्षं झाली. खोलीत चौघं आहात पण चौघांच्या कंपन्या वेगळ्या, शिफ्टा वेगळ्या, त्यामुळं एकमेकांना बघता ते झोपलेलंच. जमेल तेव्हा एक रजा जोडून गावाकडं पळतोस, आणि तिथं कट्ट्यावरची माणसं "कधी आलास" आणि "कधी जाणार" याच्या पुढं जात नाहीत. तिकडं कुणी नाही आणि इकडं पाव्हणा, मग परत यावं का, असं विचारलंयस. शिवाय "मी मुळातच अबोल आहे, मला मित्र करता येत नाहीत" असंही लिहिलंयस. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

मी खटाव भागातला. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरी केली (फॅक्टरी कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असले की असा माणूस ठेवावाच लागायचा), आता रिटायर होऊन साताऱ्यात असतो. कल्याण अधिकाऱ्याकडं लोक येतात ते पगार कापला, रजा नाकारली, कँटीनच्या भाजीत अळी निघाली असलं काहीतरी घेऊन, आणि थोडा वेळ बसवून चहा दिला की मग खरं काय ते बाहेर येतं. माण-खटाव, जत, आटपाडी, पाटण, शिराळा, हिकडची पोरं लागतात आणि सहा महिन्यांत का निघून जातात हे शोधणं माझ्या कामातच होतं, कारण पोरगं गेलं की ट्रेनिंग वाया गेलं म्हणून मॅनेजमेंट माझ्याच डोक्यावर बसायची.

तर पहिली गोष्ट, तू अबोल आहेस म्हणून हे झालंय हे मला पटत नाही. गावात तुला मित्र आहेत ना? ते तू "केलेस" का कधी? गावात कुणीच मित्र करत नाही. शाळेत जो बाकावर बसतो तोच संध्याकाळी डेअरीवर दुधाची किटली घेऊन उभा असतो, त्याचाच चुलता सोसायटीत सेक्रेटरी असतो, तोच यात्रेत आपल्याबरोबर मांडव घालतो आणि त्याच्याच आजीच्या मातीला आपण जातो. एकच माणूस पाच ठिकाणी भेटतो, न बोलता ओळख मुरते, अबोल पोरगं पण तिथं आरामात खपून जातं. चाकणला उलटं आहे. लाइनवरचा माणूस फक्त लाइनवर, खोलीतला फक्त खोलीत, मेसवाला फक्त डब्याच्या व्हॉट्सॲपवर, बसमधला फक्त बसमध्ये. रोज शंभर तोंडं बघतोस पण एकही तोंड दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. माझ्या नोकरीत जी पोरं टिकली त्यांचं आणि निघून गेलेल्यांचं मी जेवढं बघितलं त्यावरनं सांगतो, फरक स्वभावाचा फार कमी होता. ज्याला एकच माणूस निदान दोन ठिकाणी भेटायला लागला तो टिकला.

जुन्या लोकांना हे आपोआप मिळालं होतं, म्हणून ते "आम्ही नाही का राहिलो मुंबईत" असं म्हणतात तेव्हा त्यांचं फार मनावर घेऊ नको. आपल्या सातारा-सांगलीची माणसं गिरण्यांत गेली तेव्हा लालबाग-परळला गावाची खोली असायची. एका खोलीत गावातली दहा-वीस माणसं, एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि जेवायला जवळच्या खानावळीत. नोकरी लावणारा गावचा, शेजारी झोपणारा गावचा, ताटाला ताट लावून जेवणारा पण गावचाच. त्या खानावळवाल्या बायांचं कुणी फारसं नाव घेत नाही, पण अख्खं गिरणगाव त्यांच्या चुलीवर चालत होतं, १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यातूनच. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि त्या खोल्याही हळूहळू मोडल्या. माथाडींचं तसंच. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी संघटना बांधली, १९६९ ला माथाडी कायदा झाला, पण त्याच्या मुळाशी टोळी होती. टोळीतली माणसं बरोबर वजन उचलणार, मजुरी वाटून घेणार आणि राहायला पण जवळजवळच, पुढं वाशीचं मार्केट झालं तसं कोपरखैरणे-घणसोलीत आजूबाजूला घरं झाली.

आणि तुझ्या घराजवळचंच उदाहरण घे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार तमिळनाडू-केरळपासून उत्तरेपर्यंत पसरलीत. भाषा येत नाही, जेवण वेगळं, तरी टिकली. का? तर गेलेल्या माणसानं भावकीतलं पोरगं हाताखाली न्यायचं, ते दुकानात काम शिकणार, राहणार पण त्याच्याच घरी, आणि शिकून तयार झालं की आपलं दुकान टाकणार. ते पोरगं काही फार बोलकं होतं म्हणून टिकलं नाही.

तू गेलास कसा? मोबाईलवर जाहिरात बघितलीस, कंत्राटदाराला फोन केलास, खोली ब्रोकरनं दिली, जेवण ॲपवर. तिन्ही गोष्टी तीन अनोळखी माणसांकडनं. यात तुझा काही दोष नाही, आता सगळे असेच जातात. फक्त जे त्यांना न मागता मिळालं ते तुला ठरवून जुळवावं लागणार आहे, एवढंच. आणि ते तीनही ठिकाणी जुळवायची गरज नाही, दोन जुळली तरी पुष्कळ होतं.

आता कसं ते. खोलीपासून सुरू करतो कारण माझ्या मते निम्मं काम तिथंच आहे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की पाचशे रुपये स्वस्त म्हणून दुसऱ्या गल्लीत जायचं हे आधी बंद कर. खोली बदलताना भाडं आणि पाण्याची वेळ बघतोस, तशी माणसं पण बघ. तुझ्याच कंपनीतली, शक्यतो तुझ्याच शिफ्ट-ग्रुपमधली दोन पोरं बघून त्यांच्याबरोबर राहा, मग ती बीडची असोत नाहीतर बिहारची. गाववाला असलाच पाहिजे असं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपली पोरं चाकणमध्ये पण एमएच १० चीच, म्हणजे सांगलीचीच गाडी शोधत फिरतात. शिफ्ट एक असली की फर्स्टला बरोबर उठता, नाईटला बरोबर सुटता, सुट्टीला बरोबर बाजारात जाता. बोलायची गरजच पडत नाही. लाइनवर सुपरवायझर ओरडला तर खोलीवर येऊन त्याला शिव्या द्यायला माणूस असतो, याचं मोल पगाराच्या स्लिपवर दिसत नाही पण फार मोठं आहे.

मग जेवण. ॲपवरनं मागवून मोबाईल बघत खातोस ना, ते सोड, आणि एक मेस धरून तिथं बसून जेव. डबा आणू नको, बसून जेव. पहिले पंधरा दिवस कुणी विचारणार नाही. महिनाभरानं मेसवाल्या काकी "काल आला नव्हतास" म्हणतील. कुणीतरी तुझी गैरहजेरी धरली, इथनं खरं सुरू होतं. मी पोरांना एक साधी परीक्षा सांगायचो, रात्री दोनला ताप आला तर कुणाला उठवशील? नाव आलं नाही तर अजून काही जमलेलं नाही असं समज. (आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय (कामगार विमा) कापला जात असणार, त्याचा दवाखाना कुठला लागतो ते उद्याच बघून ठेव, तीन-तीन वर्षं पैसे कापून घेतात आणि पोरांना दवाखान्याचा पत्ता माहीत नसतो.)

तिसरी गोष्ट जरा वेगळी वाटेल. नवीन पोरगं उदास दिसलं की मी त्याला उचलून कँटीन कमिटीत घालायचो. युनियनवाले हसायचे, मॅनेजर म्हणायचा याला काय कळतंय. कळायचं काहीच नाही. पण कँटीन कमिटीत नाव लागलं की भाजी खारट झाली तर अख्खा शॉप तुला शिव्या देतो, भात कच्चा राहिला तर अनोळखी माणूस ताट घेऊन तुझ्यापुढं येतो. दोन महिन्यांत कारखान्यातलं प्रत्येक माणूस तुला नावानं ओळखतं, आणि गोड बोलून झालेल्या ओळखीपेक्षा ही ओळख जास्त टिकते हे मी बघितलंय. जतकडचं एक पोरगं होतं, तोंडातनं शब्द निघायचा नाही, आणि ते त्या कमिटीत ठेकेदाराशी तेलाच्या डब्यावरनं असं भांडलं की पुढं त्याला लोक आपल्या घरच्या लग्नाला बोलवायला लागले. तर तुझ्या कंपनीत जी काय कमिटी असेल, सेफ्टी, कँटीन, क्रिकेटची टीम, आयुधपूजेची वर्गणी, त्यात जबाबदारीचं काहीतरी अंगावर घे. नुसतं सामील होऊ नको, ज्यात तू आला नाहीस तर काहीतरी अडेल असं काम घे. वर्गणीची वही तुझ्याकडं असली तर लोक तुला शोधत येतील, तुला जायला लागणार नाही.

कंपनीबाहेर काय करावं हे शिफ्टवर अवलंबून आहे. बाहेरचे लोक सहज सांगतात की क्लास लाव, ग्रुप जॉइन कर. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला मंगळवारचा क्लास कसा जमणार? म्हणून महिन्याला एकदा येणारं किंवा सीझनला येणारं धर. चाकणहून आळंदी जवळच, तिथं महिन्याच्या वद्य एकादशीला नेमानं जाणारे कामगार बरेच आहेत, तुझ्या घरी माळ असेल तर हा सगळ्यात सोपा रस्ता, नसली तरी कुणी हाकलत नाही. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या आधी एक-दोन महिने चालू होतो, तिथं रोज गेलंच पाहिजे असा आग्रह असतो म्हणून नाईट शिफ्टवाल्यांना जड जातं, पण जमलं तर झकास. किल्ले साफ करणारी पोरं असतात त्यांच्यात जा. आणि हो, चाकणचा भुईकोट बघितलायस का? संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढं जवळजवळ दोन महिने लढवला तो. तीन वर्षं तिथं राहून बघितला नसशील तर रागावणार नाही, पण येत्या सुट्टीला जाऊन ये. ज्या जागेची एकही गोष्ट आपल्याला माहीत नाही ती जागा आपली कशी वाटेल?

एक वाट मात्र नको, आणि ती सगळ्यात सोपी आहे म्हणून लिहितो. "बसायला" जाणारा ग्रुप लगेच मिळतो. तिथं पहिल्याच रात्री भाऊ-भाऊ होतं, आणि पगाराची पाच तारीख सरली की कुणी फोन उचलत नाही. एकट्यानं खोलीत पडून मोबाईलवर पैसे लावायचे गेम खेळणं हे त्याचंच दुसरं रूप, आणि त्यातनं लोन ॲपच्या फेऱ्यात सापडलेली पोरं माझ्याकडं येऊन रडलेली आहेत.

आता गावाकडचं. तिथं पाव्हण्यासारखं वाटतं कारण तू पाव्हण्यासारखाच जातोस, हे जरा कडक वाटेल पण ऐक. शनिवारी रात्री दोन-दोन गाड्या बदलून पोचणार, दुपारपर्यंत झोपणार, आई मटण करणार, संध्याकाळी कट्टा, आणि परत पिशवीत चटणी-भाकरी घेऊन निघणार. या सगळ्यात गावाचं कुठलं काम तुझ्यावाचून अडलं? मेंढ्याचं खत टाकलं तेव्हा तू नव्हतास, डीपी जळला तेव्हा नव्हतास, चुलत्यानं बांध कोरला तेव्हा पण नव्हतास. लोक "कधी जाणार" विचारतात ते हिणवायला नाही रे, त्यांना तुला कुठल्या कामात धरावं हेच कळत नाही.

म्हणून माझा सल्ला, फेऱ्या कमी कर आणि प्रत्येक फेरीला काम लाव. महिन्या-दीड महिन्यातनं एकदा जा, पण तीन दिवस राहा आणि कामाच्या दिवसांत जा. तुमच्याकडं द्राक्षं आहेत असं लिहिलंयस, मग ऑक्टोबर छाटणीला जा, विरळणीला जा, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जा, एप्रिलच्या खरड छाटणीला जा. मधल्या काळात लांबनं होईल असं एक काम पूर्णपणे तुझ्याकडं घे, फवारणीचा आणि औषधाच्या उधारीचा हिशोब म्हण, नाहीतर आईच्या गोळ्या आणि तपासणीच्या तारखा म्हण, पण ते फक्त तूच करायचं, भावानं नाही. नुसते पैसे पाठवणं हे काम नव्हे. पैसे पाठवणाऱ्याला गाव मान देतं पण कामाला हाक मारत नाही.

सणांचं तर तुला सोपं आहे. तासगावचा गणपती दीड दिवसाचा, रथ ऋषिपंचमीला. रथाचा दोर धरून, गुलालानं लाल होऊन तू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाकणला परत, आणि तिथल्या मंडळाचे अजून आठ दिवस बाकी! दोन्हीकडचा गणपती मिळणारी माणसं थोडी असतात. बहुतेक पोरं रथाला जाऊन येतात आणि नंतर खोलीत पडून दुसऱ्यांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ बघतात.

तुला कुणीतरी मतदार यादीतलं नाव चाकणला हलव म्हणजे तिथला होशील असं सुचवल्याचं लिहिलंयस. करता येतं, फॉर्म ८ भरून, आणि नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं हा कायदा आहे. पण मला यात घाई वाटत नाही. कंत्राट कायम झालं, लग्न झालं, पोरं शाळेत जायला लागली की लोक हलवतातच, आणि तेव्हा ते पटून हलवतात.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या लपवत नाही. वर सांगितलेलं सगळं पोरग्यांना जेवढं लागू आहे तेवढं पोरींना नाही, सरावाला रात्री दहापर्यंत थांबणं, अनोळखी मेसमध्ये एकटं बसणं हे प्रत्येकीला जमेल असं नाही. त्यांच्यात मी एकच चांगलं बघितलं, की एका हॉस्टेलवर राहून एकाच कंपनीत जाणाऱ्या मुली आमच्या पोरांपेक्षा लवकर रुळायच्या, म्हणजे दोन ठिकाणांचा हिशोब तोच. दुसरं, जात. खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात हे मला माहीत आहे आणि गावचं मंडळ म्हणजे अख्खं गाव असं नसतं हे पण माहीत आहे. ज्याला गावातच सगळ्या पंगतीत जागा नव्हती त्याला "गाववाल्यांना धर" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? अशी कितीतरी पोरं विहारात, जयंतीच्या कमिटीत किंवा युनियनमध्ये रुजली, आणि गावापेक्षा शहरातच त्यांना मोकळा श्वास मिळाला. तू कुठल्या घरातला ते लिहिलेलं नाहीस आणि विचारतही नाही. तिसरं, तू कंत्राटावर असशील आणि दर सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळत असेल तर कमिटीबिमिटी सगळं दुय्यम, आधी खोली आणि मेस घट्ट कर, कारण कंपनी बदलली तरी ती दोन राहतात.

आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगण्यात काय अर्थ असे विचार येतायत असं काही असेल तर हे माझ्यासारख्याचं काम नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, दात दुखला तर आपण दाताच्या डॉक्टरकडं जातोच.

आता परत यावं का. हे मी शेवटी ठेवलं कारण आत्ता तुला नोकरी सोडायची नाहीये, एकटेपणा सोडायचाय, आणि दोन्ही एकत्र सोडून आलास तर एकटेपणा बरोबर येईल असं मला वाटतं. तुझ्या वयाचे गावात उरलेत किती ते मोजून बघ. तरी मनातनं जात नसेल तर येत्या ऑक्टोबरला शिल्लक रजा, नाहीतर बिनपगारी रजा टाकून छाटणीपासून पंधरा-वीस दिवस सलग घरी राहा. छाटलेल्या काड्यांना पेस्ट लाव, पहाटे उठून फवार, ढग आले की रात्रभर डाउनी रोगाच्या भीतीनं जागा राहा, गेल्या साली माल नेलेल्या व्यापाऱ्याच्या मागं पैशासाठी फिर. तेवढं करून पण इथंच राहावं वाटलं तर ये, पण एकदम बागेवर पडू नको. कुपवाड-मिरजेची एमआयडीसी आहे, पलूस-किर्लोस्करवाडी आहे, तासगावात बेदाण्याचा व्यापार आणि कोल्ड स्टोरेज आहेत, अगदी मधलं पाहिजे तर शिरवळ आणि सातारा आहे. पगार चाकणपेक्षा कमी पडेल, ते घरात आधी बोलून ठेव, विशेषतः तुझ्या नावावर गाडीचा हप्ता असेल तर. शिफ्ट कशी फिरते आणि कंत्राट किती महिन्यांचं आहे ते कळव, मग खोली कधी बदलावी ते सांगतो.